व्हाळापासून टर्बाइनपर्यंत : पाट कसा आखावा, खणावा आणि सांभाळावा

पाणलोटाच्या कामात समतल चर आखलेली माणसं पाट आखायला येतात, तेव्हा त्यांना हाताची एक सवय बदलावी लागते. चराचा तळ अगदी पाणसळीत हवा, कारण तिथं पाणी थांबवायचं असतं. पाटाच्या तळाला उतार हवा, पण पाणी गाळ न टाकता पुढं सरकेल एवढाच. दहा मीटरला दोन सेंटिमीटर म्हणजे बोटभर. तिथं बेफिकिरीनं दहा सेंटिमीटर दिले की तीनशे मीटरच्या पाटात तीन मीटर उंची वाटेतच सांडते. चक्कीला आणि टर्बाइनला ताकद मिळते ती शेवटी पाणी जितक्या उंचीवरून खाली पडतं त्यातून. म्हणून पाट म्हणजे उंची जपून ठेवण्याची वाट. डोंगराच्या कुशीतून पाणी जवळजवळ सपाट चालवत न्यायचं, ओढा खाली खाली उतरत जातो, आपलं पाणी वरच राहतं आणि शेवटी एका जागी ते सगळं खाली सोडायचं.

हिमालयात गावोगावच्या घराटांना, म्हणजे पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या चक्क्यांना, असंच पाणी येतं. उत्तराखंडात पाटाला गूल म्हणतात, हिमाचलात कूहल. कांगड्यात कूहल सांभाळणाऱ्या माणसाला कोहली म्हणतात, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, अठराव्या शतकापासून शहराबाहेरचं पाणी जमिनीखालच्या नळांतून आणि उंच दगडी मनोऱ्यांतून येऊन पडतं. खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं. लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या तलावांचं पाणी घाटमाथ्यावरून खंडाळ्यापर्यंत आणायचं आणि तिथून पाचशे मीटरांहून जास्त खाली पाइपातून सोडायचं, ही त्याची मांडणी. आकार कितीही बदलला तरी भाग तेच राहतात. ओढ्यावर छोटा बंधारा, पाणी घेण्याचं तोंड, गाळटाकी, पाट, सांडवे, शेवटची टाकी, तिथून खाली जाणारा दाबनळ किंवा लाकडी पन्हळ, यंत्र, आणि वापरलेलं पाणी परत ओढ्यात.

हा लेख सह्याद्रीच्या उतारावरच्या एखाद्या व्हाळावर, म्हणजे लहान ओढ्यावर, पाच-सहा किलोवॅटचं टर्बाइन किंवा पिठाची चक्की चालवू पाहणाऱ्यांसाठी आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो : सेकंदाला ५० लिटर पाणी, ३०० मीटरचा पाट, आणि शेवटी २० मीटरचा पडाव, म्हणजे पाणी खाली पडण्याची उंची.

आधी पाणी मोजा, तेही फेब्रुवारीत

जुलैत कुठलाही पऱ्या टर्बाइन चालवेल असा दिसतो. खरं उत्तर मिळतं ते दिवाळीनंतर. आपल्या सह्याद्रीत पाऊस चार महिन्यांचा, आणि बरेचसे ओढे जानेवारी-फेब्रुवारीत दोरीएवढे होतात. म्हणून किमान एक पूर्ण वर्ष, महिन्यातून दोनदा पाणी मोजा. ही एक वर्षाची वाट पाहणं लोकांना नकोसं होतं, आणि त्यापायीच कितीतरी पाट कोरडे पडलेले आहेत.

पाणी अगदी थोडं असेल तर बादली आणि घड्याळ पुरे. वीस लिटरची बादली चार सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला पाच लिटर. त्याहून जास्त असेल तर व्ही-नॉच करा. जाड प्लायवूडच्या फळीला वरच्या कडेतून बरोबर काटकोनाची खाच पाडायची, फळी ओढ्यात आडवी बसवून कडा मातीनं आणि गोणपाटानं बंद करायच्या, म्हणजे सगळं पाणी खाचेतूनच पडेल. फळीपासून साधारण मीटरभर मागं एक खुंटी ठोका. तिचं डोकं खाचेच्या खालच्या टोकाच्या बरोबर पातळीत हवं. खुंटीच्या डोक्यावर पाणी किती सेंटिमीटर आहे ते पट्टीनं मोजा. १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साडेचार लिटरच्या आत-बाहेर, १५ ला १२ लिटर, २० ला २५, आणि २५ ला ४३ लिटर. पाणी दीडपट उंच झालं की प्रवाह पावणेतीनपट होतो, म्हणून पट्टीवरचा एक सेंटिमीटरही काळजीनं वाचा.

मोठ्या ओढ्यात तरंगती वस्तू सोडून अंदाज येतो. दहा मीटरचा सरळ, सारख्या खोलीचा टप्पा निवडा. अर्धी पाण्यानं भरलेली छोटी बाटली सोडा, पाच-सहा वेळा वेळ घ्या, सरासरी काढा. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगात जातं, म्हणून आलेल्या वेगाला दगडगोट्यांच्या ओढ्यात ०.६५ च्या आसपास आणि गुळगुळीत तळाच्या पाटात ०.८५ नं गुणा. मग त्याला पाण्याच्या उभ्या छेदाच्या क्षेत्रफळानं गुणलं की प्रवाह हाती येतो.

सगळं पाणी आपलं नसतं, हे इथंच वहीत लिहून ठेवा. बंधाऱ्याच्या खाली मासे आहेत, खेकडे आहेत, खालच्या वाडीची विहीर आणि गुरांची पाणवठ्याची जागा आहे. कोरड्या महिन्यांत ओढ्यात काय राहू द्यायचं ते आधी ठरवा, उरलेल्यावर आपला हिशेब. खालच्या लोकांशी हे बोलणं फावडं उचलण्याआधी करावं. एकदा पाट खणला की तीच गोष्ट भांडणाच्या सुरात होते.

उंची आणि मिळणारी ताकद

उंची मोजायला हायड्रोमार्कर सगळ्यात सोयीचा. दोन पट्ट्या, मध्ये पारदर्शक नळी, नळीत पाणी. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपच्या दिवसांत गावोगावच्या लोकांनी हे अवजार वापरलं आहे, त्यामुळं ते चालवणारं कुणीतरी पंचक्रोशीत सापडतंच. नळीत हवेचा एकही बुडबुडा नको. एक बुडबुडा पाच सेंटिमीटरची चूक देऊन जातो आणि ती कुठं झाली हे नंतर कळत नाही.

ताकदीचं सूत्र सोपं आहे. प्रवाह (घनमीटर प्रतिसेकंद) गुणिले उंची (मीटर) गुणिले ९.८१, म्हणजे किलोवॅट. आपल्या उदाहरणात ०.०५ × २० × ९.८१, म्हणजे जवळजवळ १० किलोवॅट. पण नळातलं घर्षण, टर्बाइन, पट्टा आणि जनित्र यांत निम्मी ताकद गेली असं धरा. हाती ५ किलोवॅट राहतील. लहान यंत्रणेत निम्म्यापेक्षा जास्त मिळेल असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून चाचणीचा कागद मागा.

फक्त पिठाची चक्की चालवायची असेल तर एवढी उंचीही लागत नाही. घराटाला तीन ते सहा मीटरचा पडाव पुरतो. वर रुंद आणि खाली निमुळतं होत गेलेलं लाकडी पन्हळ, त्याच्या तोंडासमोर आडवं चाक, चाकाची तिरकी पाती, आणि त्याच दांड्यावर वर जात्याचं पाळं. दाते नाहीत, पट्टे नाहीत. चक्की थांबवायची तर पन्हळाचं पाणी फळी लावून बाजूला वळवायचं.

रेघ कशी शोधायची

नवखा माणूस ओढ्यावर छानशी जागा बघतो, तिथून पाट सुरू करतो आणि पुढं काय येईल ते येईल म्हणतो. उलटं करा. यंत्र कुठं बसेल आणि त्याच्या वर टाकी कुठं बसेल हे आधी नक्की करा. टाकीला घट्ट जमीन हवी, शक्यतो कातळ. मग टाकीपासून हायड्रोमार्कर घेऊन उलट दिशेनं, दर दहा मीटरला दोन सेंटिमीटर चढत चढत ओढ्याकडं जा. जिथं ही रेघ ओढ्याला भेटेल, तिथं किंवा त्याच्या थोडं वर बंधारा. ती जागा बंधाऱ्याला नालायक असेल तर टाकी वर-खाली करून पुन्हा चाला. मी एका रेघेसाठी तीन-चार वेळा तरी चालतो, आणि त्यातली एक फेरी भर पावसात असते. उन्हाळ्यात जो उतार ठणठणीत दिसतो तो ऑगस्टमध्ये जागोजागी पाझरताना सापडतो.

रेघेवर काय टाळायचं? झाडं बुंध्यापाशी वाकून मग सरळ वाढलेली दिसली की समजा, जमीन हळूहळू सरकते आहे. पायाखाली सैल दगडांची घसरण असेल तर तिथं पाट उघडा नेऊ नका. कोकणात जांभ्याच्या कड्याजवळ भेगा बघा. जांभा वरून दगड, आतून चाळणी. त्यात अस्तराशिवाय पाट काढला तर पाणी कुठं गेलं ते खालच्या आगरातला झरा वाढल्यावर कळतं. काळ्या मातीत उलटा त्रास : उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि पाट पुन्हा भरला की पाणी त्या भेगांतून निघून जातं. वाटेत घळ आडवी आली तर तिला वळसा घालण्यापेक्षा पाइप किंवा पन्हळानं ओलांडणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. मात्र घळीचं पावसाचं पाणी पाटात येऊ देऊ नका. ते पन्हळाखालून निघून गेलं पाहिजे.

जमीन कुणाची, हे सातबारा बघून ठरवा, ऐकीव माहितीवर नको. सह्याद्रीतले बरेच ओढे वनजमिनीतून येतात, आणि तिथं १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागते. ग्रामपंचायत, जलसंपदा विभाग आणि वीज करायची असेल तर मेडा (महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण), या तिघांकडं काम सुरू करण्याआधी जा.

उतार, वेग आणि आकार

हा भाग नीट समजून घ्या, कारण पाटाच्या बहुतेक चुका इथं जन्मतात.

पाणी फार हळू गेलं तर गाळ खाली बसतो आणि गवत वाढतं. सेकंदाला ०.३ मीटरच्या खाली वेग जाऊ देऊ नये. फार जोरात गेलं तर मातीचा तळ खरवडला जातो. रेताड मातीत ०.४-०.५ च्या पुढं नको, चिकणमातीत ०.६-०.७ पर्यंत चालतं, सिमेंटमधल्या दगडी बांधकामात दीड मीटरही सोसतं. वेग तीन गोष्टींवर ठरतो : उतार, पाण्याच्या छेदाचा आकार आणि तळाचा खरखरीतपणा. मॅनिंग या आयरिश अभियंत्याच्या सूत्रात या तिन्ही येतात. खरखरीतपणासाठी त्यात एक आकडा धरतात. स्वच्छ मातीच्या पाटाला ०.०२५, सिमेंटमधल्या दगडाला ०.०२, गुळगुळीत गिलाव्याला ०.०१५.

आपल्या ५० लिटरसाठी दोन तयार मापं देतो.

दगडी किंवा चिऱ्याचा (जांभ्याच्या ठोकळ्यांचा) पाट असेल तर रुंदी ४५ सेंटिमीटर, पाण्याची खोली २२ सेंटिमीटर, उतार १०० मीटरला २० सेंटिमीटर. वेग सेकंदाला अर्धा मीटर पडतो. आयताकृती पाटात रुंदी खोलीच्या दुप्पट ठेवली की कमीत कमी बांधकामात जास्तीत जास्त पाणी जातं, म्हणून हे माप. ३०० मीटरमध्ये ६० सेंटिमीटर उंची खर्च होते. वीस मीटरच्या पडावात ती तीन टक्के. परवडते.

मातीचा पाट असेल तर भिंती उभ्या राहत नाहीत, उतरत्या ठेवाव्या लागतात. तळ ३० सेंटिमीटर, दोन्ही बाजू ४५ अंशांत तिरक्या, पाणी २५ सेंटिमीटर, उतार १०० मीटरला १२ सेंटिमीटर. वेग ०.३७ मीटर. पाट मोठा होतो, जमीन जास्त खातो, पण उंची कमी खातो. लक्षात ठेवा, हे गणित स्वच्छ पाटाचं आहे. गवत माजलं की खरखरीतपणाचा आकडा दुप्पट होतो आणि त्याच खोलीत पाणी निम्मंच जातं. उरलेलं निम्मं काठावर चढतं.

दोन्हीकडं पाण्याच्या वर काठ सोडा. २२ सेंटिमीटर पाण्यासाठी भिंत ४० सेंटिमीटरची. हा वरचा १८ सेंटिमीटरचा काठ वाया गेलेलं बांधकाम वाटतो. तो पावसाळ्यातल्या एका रात्रीसाठी असतो.

बंधारा आणि तोंड

ओढ्याच्या वळणावर बाहेरच्या बाजूला तोंड ठेवा. वळणावर वाळू आणि गोटे आतल्या बाजूला साचतात, बाहेरची बाजू खोल आणि स्वच्छ राहते. काठाला कातळ असेल तर उत्तम. बंधारा उंच नको. पाणी अडवून साठवायचं नाही, फक्त तोंडाच्या पातळीपर्यंत उचलायचं आहे. कित्येक ठिकाणी दगडांचा कच्चा बांध दर दिवाळीला नव्यानं घालतात. पुरानं तो वाहून गेला तर दोन दिवसांत परत उभा राहतो. पक्का बंधारा पुरात उखडला तर तोंडही बरोबर घेऊन जातो.

तोंड उघडं ठेवू नका. पाण्याखाली बुडालेली खिडकी करा. तिची मोठी मेख अशी की पूर आला तरी खिडकीतून येणारं पाणी पुराइतकं वाढत नाही. ३० बाय २० सेंटिमीटरची खिडकी, दोन्ही बाजूंच्या पाण्यात १० सेंटिमीटरचा फरक असताना सेकंदाला ५० लिटर देते. पुरात तो फरक ९० सेंटिमीटर झाला, म्हणजे नऊपट झाला, तरी पाणी साधारण तिप्पटच येतं, दीडशे लिटरच्या आसपास. उघड्या तोंडातून तेवढ्या पुरात अख्खा ओढा पाटात शिरला असता. खिडकीपुढं लोखंडी गजांची उभी जाळी आणि मागं सरकतं दार हवंच.

जादा पाणी कुठून बाहेर जाणार

आता त्या दीडशे लिटरचं काय करायचं? आपला दगडी पाट काठोकाठ भरला तरी शंभर लिटरच्या आसपासच नेऊ शकतो. उरलेलं पाणी काठावरून बाहेर पडणारच, फक्त कुठून, हे तुम्ही ठरवायचं की त्यानं.

मी काढलेल्या पहिल्या पाटाला सांडवा नव्हता. नंतर करू, असं ठरलं होतं. जुलैतल्या एका रात्री शेवटच्या टाकीची जाळी पानांनी बुजली, पाणी मागं मागं चढत गेलं आणि जिथं काठ दोन बोटं खचलेला होता तिथून उतारावर उतरलं. सकाळी पाहिलं तर बारा मीटर पाट जागेवर नव्हता. त्याच्या खालच्या शेजाऱ्यांच्या दोन भाताच्या दळ्या दगडमातीखाली गेल्या होत्या. लावणी होऊन आठवडा झाला होता. पाट महिन्याभरात दुरुस्त झाला. त्या दळ्यांतला गाळ काढायला पुढचा उन्हाळा उजाडला. तेव्हापासून मी नकाशावर सांडवे आधी काढतो आणि पाट नंतर.

पहिला सांडवा तोंडापासून जमेल तितका जवळ, पाट ओढ्याच्या शेजारी असतानाच. तोंडापासून तिथपर्यंतचा पाट दीडशे लिटरच्या मापाचा, म्हणजे मोठा बांधा. सांडवा म्हणजे ओढ्याकडच्या भिंतीत सोडलेली बुटकी, सपाट माथ्याची जागा. तिचा माथा नेहमीच्या पाण्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर. शंभर लिटर जादा पाणी माथ्यावरून १० सेंटिमीटर जाडीनं जायचं असेल तर दोन मीटर लांबी लागते. पाऊण मीटरचा सांडवा दिसायला नीटनेटका असतो, पण उपयोगाचा नसतो.

लांब पाटात अधूनमधून, जिथं खाली कातळाची घळ असेल तिथं, आणखी सांडवे द्या. शेवटचा टाकीपाशी. तो मात्र पूर्ण ५० लिटरचा असला पाहिजे, कारण टर्बाइन बंद केलं किंवा जाळी बुजली की सगळं पाणी तिथूनच निघणार. आणि सांडव्यातून पडलेलं पाणी मोकळ्या उतारावर सोडू नका. दगडी पायऱ्यांचा उतार किंवा पाइप करून ते थेट घळीपर्यंत न्या. सांडवा आहे पण खाली वाट नाही, असे पाट मी बरेच पाहिले. तिथं दरड दोन-तीन वर्षांनी का होईना, पण येते.

गाळटाकी

वाळूचे कण टर्बाइनची पाती सॅंडपेपरसारखी घासतात. त्यांना वाटेतच खाली बसवायला पाट एका जागी रुंद आणि खोल करायचा, म्हणजे पाणी मंदावतं. आपल्या ५० लिटरसाठी एक मीटर रुंद, अर्धा मीटर खोल टाकी घेतली तर पाणी सेकंदाला दहा सेंटिमीटर सरकतं. ०.३ मिलिमीटरचा वाळूचा कण सेकंदाला साधारण तीन सेंटिमीटर खाली जातो, म्हणजे तळाला पोचायला त्याला सतरा सेकंद लागतात. तेवढ्यात पाणी पावणेदोन मीटर पुढं गेलेलं असतं. दुप्पट धरून लांबी साडेतीन मीटर ठेवा. याशिवाय साचलेल्या गाळासाठी खाली जागा हवी, आणि तळाला उतार देऊन कोपऱ्यात धुऊन काढायचं दार. दाराचं तोंड ओढ्याकडं. पावसाळ्यात हे दार रोज उघडावं लागेल, म्हणून ते एका माणसाला उचलता येईल असंच करा.

खोदाई

आधी उतारावर मीटर-दीड मीटर रुंदीची सपाट वाट काढा, मग तिच्यात पाट खणा. पाटाचा पूर्ण छेद मूळ घट्ट जमिनीत बसला पाहिजे. खणलेली माती खालच्या बाजूला रचून तिच्यावरच पाटाची भिंत उभी करायचा मोह होतो. ती भराव माती पहिल्या पावसात बसते आणि भिंत बाहेर झुकते. खणताना तळाची पातळी दर दहा मीटरला पुन्हा तपासा, खुंट्या हललेल्या असतात.

अस्तर कशाचं करायचं ते जागेवर ठरतं. घट्ट चिकणमाती असेल तर चोपून, ओली ठेवून तसाच पाट चालतो. मातीच्या लांब पाटात शेवटपर्यंत पोचेस्तोवर चौथा हिस्सा पाणी मुरलेलं मी मोजलं आहे, तेव्हा तेवढी तूट धरूनच पाणी घ्या. कोकणात चिरा हाताशी असतो. तो सिमेंटमध्ये बसवून आतून गिलावा केला की पाट वर्षानुवर्षं टिकतो, पण गिलाव्याशिवाय नको. शेततळ्याचं प्लास्टिक स्वस्त आणि लवकर होणारं आहे. त्यावर ऊन पडू नये आणि गुरांचा पाय पडू नये याची सोय करता येत असेल तरच ते वापरा. सरकत्या किंवा घसरणीच्या जागी एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकचा, पाइप पुरणं सगळ्यात शहाणपणाचं.

वरच्या अंगाला पावसाचं पाणी अडवणारा छोटा चर खणा, नाहीतर डोंगराची माती दर पावसात पाटात उतरेल.

टाकी, जाळी आणि दाबनळ

शेवटची टाकी, जिला अभियंते फोरबे म्हणतात, दोन कामं करते. उरलासुरला गाळ बसवते आणि नळाच्या तोंडावर नेहमी पुरेसं पाणी ठेवते. नळाच्या तोंडावर त्याच्या व्यासाच्या दोन-तीन पट तरी पाणी राहिलं पाहिजे. त्याहून कमी झालं की भोवरा होतो आणि नळात हवा शिरते. टर्बाइन गुरगुरल्यासारखं वाजतं ते त्यामुळंच. नळाचं तोंड टाकीच्या तळापासून वीत-दीड वीत वर ठेवा, म्हणजे गाळ आत जाणार नाही. तोंडाजवळ झडप असेल तर झडपेच्या लगेच खाली वर उघडं असलेलं हवेचं नळकांडं हवं. ते नसताना झडप पटकन बंद केली तर आत पोकळी होऊन पातळ पाइप डब्यासारखा चेपतो.

जाळी साठ अंशांत कललेली बसवा आणि वर उभं राहून पंजेट्यानं पानं ओढता येतील अशी फळी घाला. टाकीला झाकण किंवा कुंपण हवंच. पाणी वरून शांत दिसतं, आणि मुलांना पाण्याची ओढ असते.

पहिलं पाणी

एकदम सोडू नका. पहिल्या दिवशी पाव पाणी, आणि एक माणूस पाण्याच्या पुढच्या टोकाबरोबर चालत जाईल. जिथं ओल बाहेर दिसते तिथं खूण करा. दुसऱ्या दिवशी अर्धं. मग पाटाचा एखादा टप्पा दोन्हीकडून बंद करून भरून ठेवा आणि रात्रभरात पाणी किती उतरलं ते पट्टीनं बघा. चार-पाच सेंटिमीटर उतरलं तर ठीक. पाट रिकामा झाला असेल तर अस्तर कुठंतरी फुटलं आहे. शेवटी दार पूर्ण उघडून, टाकीची जाळी मुद्दाम फळीनं झाकून, सगळं पाणी सांडव्यावरून जाऊ द्या आणि तासभर सांडव्याखालच्या वाटेवर लक्ष ठेवून उभे राहा. ही चाचणी कोरड्या दिवशी, उजेडात, माणसं हाताशी असताना करायची.

सांभाळणं

पाटाला एक माणूस लागतो. समितीनं चालत नाही, एकाचं नाव लागतं आणि त्याला मोबदला लागतो. पावसाळ्यात त्यानं रोज पाट चालून यायचं, जोराच्या पावसात दोनदा. त्याच्याजवळ फावडं, पंजेटा, कोयता, आणि भोकं बुजवायला चिकणमातीची पाटी. कोकणातल्या मातीच्या पाटाचा खरा शत्रू खेकडा आहे. आज दिसलेलं अंगठ्याएवढं भोक चार दिवसांत मुठीएवढं होतं आणि मग काठ बसतो. नुसतं तोंड बुजवून उपयोग नाही, भोक उकरून आत चिकणमाती ठोकून भरावी लागते. खालच्या बाजूनं वाहणारं पाणी स्वच्छ असेल तर तो पाझर, गढूळ असेल तर माती जाते आहे. गढूळ दिसलं की थांबायचं नाही, दार बंद करून मगच दुरुस्ती.

दिवाळीनंतर पाट एकदा रिकामा करून गाळ उपसा, गवत काढा, गिलाव्याच्या भेगा भरा. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत जाळी दिवसातून तीनदा साफ होते, तेव्हा तेवढे हात हाताशी ठेवा. मे महिन्यात सांडवे आणि त्यांच्या खालच्या वाटा तपासा, दारांना ग्रीस लावा.

गाळटाकीच्या पुढं पाटाच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा रंगवून घ्या आणि पाटकऱ्यानं रोज सकाळी तिथला आकडा वहीत लिहावा, बाजूला पाऊस पडला की नाही तेवढं. दाराला हात न लावता आकडा दोन दिवस चढत गेला तर खाली कुठंतरी गवत किंवा गाळ तुंबला आहे. उतरत गेला आणि ओढा तसाच असेल, तर तोंडाची जाळी बुजली आहे किंवा खिडकीपुढं गोटे साचले आहेत. आणि आकडा तसाच असून टाकीत पाणी कमी पोचत असेल, तर फावडं घेऊन खालच्या काठानं चालत निघा, भोक सापडेपर्यंत.